सात दिवसांचं भगुणं

सोमवार, २३ डिसेंबर २०२४. सकाळपासून आभाळ आलेलं, थंडी कमी, वारा अजिबात नाही.

अशा बेताच्या दिवशी औशातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल सिद्धराम यांनी काळाबरोबर जायचं ठरवलं. नांदेडच्या कार्यशाळेत त्यांनी ऐकलं होतं, की आता वाचनालयानं लोकांना लागेल ते द्यावं. शिडी द्यावी, ड्रिल मशीन द्यावं, मोठी भांडी द्यावीत. माणसं वस्तूसाठी येतील आणि पुस्तक घेऊन जातील. (सध्या माणसं मोबाईल चार्ज करायला येत आणि मोबाईल घेऊन जात.)

वस्तू दान करा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. कुणी चमचासुद्धा दिला नाही. मग सुरुवात घरापासून करावी म्हणून ते स्वयंपाकघरात गेले.

"ते मोठं भगुणं वाचनालयात ठेवू का?"

त्यांच्या पत्नी मल्लम्मा भाकरी थापत होत्या. "ठेवा की. हितं जागा कुठं हाय?"

त्यांच्या लेखी ठेवणं म्हणजे नुसतं ठेवणं. सिद्धरामना ते दान वाटलं. त्यांनी भगुण्यावर लाल ऑइलपेंटनं सुबक अक्षरात 'वस्तू क्र. १' असं लिहिलं.

गुरुवारी आडत दुकानदार ईश्वरप्पा आले. जन्मात त्यांनी वाचनालयाची पायरी चढली नव्हती. ते सभासद झाले आणि सात दिवसांसाठी भगुणं घेऊन निघाले. सिद्धरामनी आनंदानं एक पुस्तकही पुढं केलं.

"ते राहू द्या सर," ईश्वरप्पा म्हणाले, "एवढं लई झालं."

शनिवारी मल्लम्मा म्हणाल्या, "अहो, भगुणं आणा. परवा येळवस हाय."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरकडचं अख्खं गाव शेतात जेवतं. डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल मोठ्या भांड्यातच होतात. त्यात यंदा लेकीचे, मंजुश्रीचे, नवे सासू-सासरे देगलूरहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते.

"ते वाचायला गेलंय," सिद्धराम म्हणाले.

"काय गेलंय?"

"म्हणजे ईश्वरप्पांनी नेलंय. मुदत दोन तारखेपर्यंत."

"माझ्या माहेरचं भगुणं हाय ते. त्याच्यावर माझ्या बापाचं नाव हाय."

"नाव तसंच ठेवलंय. नंबर खाली घातलाय."

मल्लम्मा म्हणाल्या, "मग विहीणबाईंना भज्जी पुस्तकातच वाढा."

सिद्धराम चप्पल घालून थेट आडत दुकानात गेले.

"अप्पा, ते भगुणं जरा..."

"सर, तुमच्या भिंतीवर काय लिवलंय?"

'दिलेलं पुस्तक मुदतीआधी परत मागितलं जाणार नाही.' वाचनालयाचे अध्यक्ष लोकांकडून अर्धवट वाचलेली पुस्तकं मागवून घेत, म्हणून हा नियम सिद्धरामनीच भांडून करून घेतला होता. ते जायला वळले.

ईश्वरप्पांना दया आली. "माझ्याबी घरी येळवस हाय वो. असं करा, पाव्हणे घिऊन आमच्याच शेतात या. भगुणंबी तिथंच भेटंल."

दुसरा उपाय नव्हता. सोमवारी सगळे ईश्वरप्पांच्या शेतात जेवायला बसले. देगलूरच्या विहीणबाईंनी भज्जी दोनदा मागून घेतली आणि भगुण्याकडं निरखून पाहिलं.

"लई दमदार भांडं हाय. कुठून आणलं?"

"लायब्ररीतून," ईश्वरप्पा म्हणाले.

विहीणबाईंनी मान तिरकी करून वाचलं, "सिद्धलिंग. वस्तू क्रमांक एक. हे लेखक का?"

"माझे वडील," मल्लम्मा म्हणाल्या.

सिद्धराम आंबिलीच्या पेल्यात बघत बसले.

गुरुवारी, २ जानेवारीला ईश्वरप्पांनी भगुणं घासूनपुसून मुदतीत परत केलं. त्याच दुपारी मल्लम्मा वाचनालयाच्या सभासद झाल्या आणि वस्तू क्रमांक एक घरी घेऊन गेल्या. त्यांची मुदत ९ जानेवारीला संपली. ग्रंथपालांनी तीन स्मरणपत्रं काढली आणि तिन्ही स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दिली. भगुणं परत आलेलं नाही.