घर ब

पाध्यांच्या मांजरीने एम.ए.ला मानव-प्राणी संबंध हा विषय घेतला, तेव्हा गल्लीत थोडी नाराजी पसरली. इतिहास घेतला असता तर मार्क जास्त पडले असते, असं सगळ्यांचं मत होतं.

रजनीताई सुर्वे शेजारच्याच, त्यामुळे त्यांचं मत जरा मोठ्याने होतं. शिवाय त्यांचा हक्कही होता. ती मांजरी झोपायची पाध्यांकडे. तिथे तिचं नाव शर्वरी आणि ताटलीत दूधभात. पण खरं जेवायला यायची सुर्व्यांच्या मागच्या दारी. तिथे ती ठमी आणि ताटलीत बांगडा. आमची शर्वरी शाकाहारी आहे, असं मेघावहिनी पाध्ये पाहुण्यांना कौतुकाने सांगत, तेव्हा रजनीताई चहात बघत बसायच्या.

दुसऱ्या वर्षाला ठमीने प्रबंधासाठी संमतिपत्र आणलं. रजनीताईंनी चष्मा लावला.

"हे 'घर ब' कोण गं?"

"तुम्ही, काकू. माहिती देणाऱ्यांची नावं छापत नाहीत."

"आणि अ कोण? मेघावहिनी? आठ वर्षं बांगडे मी घालतेय आणि मी ब?"

"जिथे झोपते ते अ, जिथे जेवते ते ब."

"झोप मोठी की जेवण?"

"त्यावरच चौथं प्रकरण आहे," ठमी म्हणाली आणि शाईचा पंजा चाटू लागली.

रजनीताईंनी सही केली, पण नावाचं मनात राहिलं. माहेरी, सासरी, रेशनकार्डावर, सगळीकडे त्यांचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी खाली आलेलं. एका पुस्तकात तरी नीट यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मार्चमध्ये प्रबंध तयार झाला. बाइंडिंगचा डिंक वाळायला तो पाध्यांच्या ओट्यावर उन्हात ठेवला होता. रजनीताई कढीपत्ता मागायला गेल्या आणि त्यांनी तो सहज चाळला. सहज म्हणजे एकसष्टाव्या पानापर्यंत. तिथे लिहिलं होतं: "बुधवारी घर ब च्या मागच्या दारी दोन प्राणी येतात. एक चार पायांचा, एक दोन पायांचा. दोघेही आवाज न करता मासे खातात आणि तोंड पुसून घर अ मध्ये परत जातात."

रजनीताई ओट्यावरच बसल्या. दोन पायांचे म्हणजे पाध्ये भावजी. आता ब काय, ज्ञ केलं असतं तरी त्यांना चाललं असतं. शुक्रवारचं तरी या कार्टीला कळलेलं नाही, हे नशीब.

"ते पान काढ, ठमे."

"पुरावा काढला की प्रबंध पडतो. परत एक वर्ष." ठमी म्हणाली. "मी आठ वर्षांची आहे, काकू. आमच्यात हे वय परत वर्गात बसायचं नसतं."

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून एक म्हैस आली. पाध्यांचं दार तिला अरुंद पडलं, म्हणून परीक्षा अंगणात झाली. मेघावहिनींनी सगळ्यांना पोहे दिले, परीक्षकांना पेंड.

म्हशीने पानं उलटली. एकसष्टाव्यावर थांबली.

"हा दोन पायांचा नमुना कोण?"

"गोपनीय आहे, मॅडम."

"नमुना समोर येत नसेल तर प्रकरण रद्द. प्रकरण रद्द म्हणजे नापास."

ठमीने कुणाचंच नाव घेतलं नाही. ती फक्त शेपटी पायाभोवती गुंडाळून बसली. भावजी जास्वंदीचं एकेक पान मोजत होते. रजनीताईंना बोलावं तर शेजार तुटतो, न बोलावं तर पोर नापास होते.

"ते आमचे हे," मेघावहिनी म्हणाल्या.

जास्वंदीपाशी भावजींना ठसका लागला.

"पण मॅडम, नोंद अपुरी आहे," मेघावहिनींनी पदर खोचला. "शुक्रवारी तिथे कोण येतं, ते हिने लिहिलंच नाही."

म्हशीने ठमीकडे पाहिलं.

"शुक्रवारी मी ग्रंथालयात असते," ठमी खाली मान घालून म्हणाली.

"मेघा, तूसुद्धा?" भावजी म्हणाले.

"तुम्ही बुधवार धरून ठेवलात, मग मी काय करायचं?"

म्हशीने शांतपणे रवंथ पूर्ण केला आणि शेरा दिला: प्रथम श्रेणी, शुक्रवारची नोंद जोडण्याच्या अटीवर. जाताना तिने उरलेली पेंड बांधून घेतली.

दुरुस्त केलेली प्रत ठमीने बुधवारी स्वतः आणून दिली. रजनीताईंच्या पुढच्या दारी तेव्हा जेवणाची चार पानं मांडलेली होती, त्यातलं एक जमिनीलगत. त्यांनी हात पुसून प्रबंधाचं पहिलं पान उघडलं. ऋणनिर्देशात नावं छापायला परवानगी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मार्गदर्शकांच्याही वर, अगदी पहिल्या ओळीत, लिहिलं होतं: सौ. रजनी सुर्वे, बांगड्याबद्दल.

रजनीताईंनी ओळ दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला.

"आणि मी घातलेल्या सुकटीचं कुठे आहे?"

"ती पीएच.डी.ला घेतेय," ठमी म्हणाली आणि आपल्या पानावर बसली.