पेटाऱ्यापासून पश्चिमेला

ब्रियांदाचे दिवस भरत आले होते आणि तिच्या पलंगावर दोन देशांचे दोन सुकाणूदार झोपत होते.

१४९४च्या त्या जूनमध्ये तोर्देसियास गावात कुणाच्याच घरी जागा उरली नव्हती. समुद्रापलीकडच्या, अजून कुणी धड न पाहिलेल्या जमिनी वाटून घ्यायला कास्तील आणि पोर्तुगालचे वकील गावात उतरले होते. त्यांच्या सल्ल्यासाठी आलेला कास्तीलचा ओर्तुन्यो आणि पोर्तुगालचा लोपो ब्रियांदाच्या वाट्याला आले. ती आणि नवरा शिमेनो तबेल्यात निजत. शिमेनोची सगळी भावंडं त्याच पलंगावर जन्मली होती, आणि आपलं मूलही तिथंच जन्मावं असा तिचा हट्ट होता.

"येशूसुद्धा गवतावरच जन्मला," शिमेनो म्हणाला.

"त्याच्या आईचा पलंग कुणी अडवला नव्हता."

पलंगावर पाहुण्यांचंही पटत नव्हतं. वकील बेटांपासून पश्चिमेला अंतर मोजून समुद्रावर रेघ मारणार होते; शेवटी पाहुण्यांनी तोच तोडगा उचलला. दाराजवळच्या पेटाऱ्यापासून पश्चिमेला दोरीभर अंतर मोजून रेघ मारायची. पलीकडचं ओर्तुन्योचं, अलीकडचं लोपोचं. रेघ पलंगाच्या मधोमध आली. घर आमचं आहे, असं शिमेनोनं सुचवून पाहिलं. दोघांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि रेघ गडद केली.

दुपारी नदीकाठच्या पॉप्लर झाडांचा कापूस तरंगत खोलीत आला. तो झाडताना ब्रियांदानं पेटारा पश्चिमेच्या खिडकीकडे सरकवला. लोपोनं लगेच दोरी लावली. अख्खा पलंग पोर्तुगालला गेला.

"पेटारा हलला, राव," ओर्तुन्यो म्हणाला.

"हलू दे की. करारात पेटारा म्हटलंय, जागा नाही म्हटलेली."

लोपो नदीवर गेल्यावर ओर्तुन्योनं पेटारा दाराबाहेर ओढला. पलंग कास्तीलचा झाला. मग लोपोनं, मग पुन्हा ओर्तुन्योनं. अखेर एकमेकांवर विश्वास न उरल्यानं दोघेही जेवण आटोपून पेटाऱ्यावरच पाठीला पाठ लावून बसले. कापूस त्यांच्या केसांवर उतरत होता. लोपो समुद्रापलीकडच्या नद्यांविषयी पुटपुटला, त्यांचं गोडं पाणी समुद्रात दूरवर जातं म्हणे. तिथं पक्षी बोलतात, ओर्तुन्यो म्हणाला. कुणी पाहिलंय, हे कुणीच विचारलं नाही. बोलता बोलता दोघेही घोरू लागले.

ब्रियांदा पलंगाकडे बघत राहिली. तो रिकामा होता, आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिनं शिमेनोला सुईणीकडे पिटाळलं आणि स्वतः रेघेवर आडवी झाली.

बाळाच्या रडण्यानं पाहुणे जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती.

"कुणाच्या बाजूला जन्मलं?" लोपोनं हळूच विचारलं.

"मोजू या. दोरी कुठाय?"

ब्रियांदानं डोळे न उघडता वर बोट दाखवलं. शिमेनोनं दोरी तुळईला बांधून पाळणा टांगला होता. पाळणा रेघेवरून संथपणे जात होता, कधी कास्तीलमध्ये, कधी पोर्तुगालमध्ये.

"झोका द्या जरा," ती म्हणाली. "आळीपाळीनं."