धुरात निघालेली डबल बार

सुलेखाची खानावळ वाचवायचं मी ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. नंतर पोलिसांसमोरही केलं.

ही २०१५ सालच्या नवरात्रातली गोष्ट. मी तेव्हा मुलाकडे, सारंगकडे, सिंगापुरात बुकित पंजांगला राहत होते. त्या वर्षी समुद्रापलीकडची जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर महिनाभर इथे येऊन बसला होता. (पाहुण्याने किती राहावं याला काही धरबंध असतो. हे मी धुराबद्दल लिहितेय. सूनबाई वाचत असतील तर त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) भर दुपारी सूर्य तांब्याच्या तबकासारखा दिसे, त्याच्याकडे डोळे न मिचकावता बघता येई. समोरची इमारत सकाळी असे, दहा वाजता नसे. लोक तोंडाला पांढरे मास्क लावून मुकाट येत-जात. आधी पावलांचा आवाज यायचा, मग माणूस. कधी आवाज यायचा आणि माणूस यायचाच नाही.

असल्या हवेत बाहेर जेवायला कोण येणार? सुलेखा इचलकरंजीची, एकटी बाई. आमच्यापासून चार स्टेशनांवर एका इमारतीच्या तळमजल्यावर तिची सहा टेबलांची खानावळ. रोज टेबलं पुसायची, पण ती खरकटी होतच नव्हती.

"अक्का, दसऱ्यापर्यंत बघते," ती म्हणाली. "नाहीतर कुलूप लावते आणि माहेरी जाते. भावजय वाटच बघतीये, टोमणे मुरवून ठेवलेत तिनं."

यात माझाही स्वार्थ होता. त्या खानावळीतली कोपऱ्यातली खुर्ची माझी होती. मुलाच्या घरी मी म्हणजे 'आईंना जरा कमी ऐकू येतं'. तिथे मी अक्का होते. माझं बोलणं ऐकायला चारसहा जण असत आणि भाकरी हातावर थापलेली असे. ती खुर्ची गेली तर या देशात मी बोलणार कुणाशी? लिफ्टशी? (लिफ्ट बोलते. पण स्वतःचंच घोडं पुढे दामटते.)

त्याच आठवड्यात भाच्याने, प्रबोधने, अमेरिकेतून एक व्हिडिओ पाठवला. तिकडच्या एका नाश्त्याच्या दुकानदाराने दारावर पाटी लावली होती, की ज्यांच्याकडे बंदूक आहे त्यांनी ती उघडपणे मिरवत खुशाल आत यावं. काही गिऱ्हाइकं रागावून गेली म्हणे. पण बंदूकवाले असे लोटले की विचारू नका. दुकानाला पाठिंबा म्हणून रांगा लावून अंडी खात होते. कमरेला पिस्तूल, हातात काटा. माझ्या वयाच्या बायासुद्धा.

मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. कारण मीही बंदूकवाली आहे. यजमानांची बाराबोरची डबल बार त्यांच्यामागे माझ्या नावावर झाली. चौथीत शाळा सुटली होती, पण परवान्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, एक मराठीत, एक इंग्रजीत. कचेरीतल्या साहेबाने विचारलं, "आजी, चालवता येते का?" मी म्हटलं, "जरा खुर्ची बाजूला घ्या, दाखवते." परवाना मिळाला. (चालवली एकदाच, उसात शिरलेल्या रानडुकरावर. डुक्कर अजून आहे. पाण्याची टाकी गेली.)

खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. शस्त्रं पुजायचा दिवस. इकडचे आपले लोक त्या दिवशी लॅपटॉपला हळद-कुंकू लावतात आणि उदबत्तीने धुराचा अलार्म वाजवतात. मी ठरवलं, सुलेखाकडे खरीखुरी शस्त्रपूजा करायची. ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्यांनी ते घेऊन यावं, पुजावं आणि जेवून जावं. सुलेखाला एवढंच सांगितलं, "पूजा मांड आणि पुरणाचा घाट घाल. माणसं मी आणते."

पाटी इंग्रजीत लिहिली, माझ्या इंग्रजीत. 'वेपन ओनर्स वेलकम. कॅरी ओपन. नो हायडिंग. आफ्टर पूजा, लंच.' मोठ्या लाल अक्षरांत. नात गार्गी, वय वर्षं दहा, शेजारी बसून बघत होती.

"आजी, दिस वन कॅनॉट ला." (इथल्या इंग्रजीला शेवटी 'ला' लागतं.)

"का? स्पेलिंग चुकलं?"

"स्पेलिंग करेक्ट. द होल थिंग राँग."

दहा वर्षांच्या पोरीचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आदल्या संध्याकाळी जाऊन पाटी पुढच्या दारावर चिकटवली. सुलेखा मागच्या दाराने येते-जाते, तिला पाटी दिसलीच नाही.

आता पाठिंबा द्यायचा तर मी रिकाम्या हाताने कशी जाऊ? माझी बंदूक गावच्या ठाण्यात जमा. मग मी ती आठवणीतून तयार केली. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा थरावर थर चिकटवून दस्ता केला. स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या दोन सुरळ्या जोडून नळ्या केल्या. वर सारंगचं बुटाचं काळं पॉलिश. माप अचूक, घोडेसुद्धा दोन. भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. असं वाटलं की यजमान आत्ता पायऱ्या चढून येतील आणि विचारतील, जेवायला काय आहे.

खंडेनवमीला सकाळी सारंग आणि सूनबाई वल्लरी ऑफिसला, गार्गी शाळेत. मी हिरवं नऊवारी नेसले, कासोटा घातला. मास्क मला सोसत नाही, म्हणून पदराने नाक-तोंड घट्ट बांधलं. बंदूक खांद्यावर टाकली आणि निघाले. (आरशात पाहायला हवं होतं. त्या वयात मी आरशाला विचारत नसे.)

बुकित पंजांगची छोटी गाडी उंचावरून इमारतींच्या मधून फिरते आणि तिला चालक नसतो. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मी चढले तेव्हा डब्यात आठदहा माणसं होती. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं आणि मग असं पाहायचं थांबवलं, की जणू तिथे कुणी नाहीच. पुढच्या स्टेशनवर सगळे उतरले. सगळे. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, एकामागे एक, मान खाली घालून. त्यातल्या एका म्हातारबाबांनी उतरताना छातीशी हात जोडले. मला नव्हे, माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी.

दार मिटलं. गाडी आपली आपण निघाली. इमारती जवळ आल्या की या गाडीच्या काचा लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून आपोआप पांढऱ्या होतात. तशा झाल्या. बाहेर धूर, काचेवर धुकं, पुढे चालक नाही, मागे माणूस नाही. पुढच्या स्टेशनवर दार उघडलं, फलाटावर पाचसहा मास्क उभे होते. एकही आत आला नाही. दार त्यांच्यासमोर मिटलं.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपण मेलो तर नाही?

हसू नका. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. छातीत रात्रीपासून धुराने कळ येत होती. वल्लरी जाताना माझ्या खोलीत डोकावून म्हणाली होती, "झोपू दे त्यांना," आणि मी तर टक्क जागी होते. एकेक गोष्ट जुळत गेली. मी खात्री करायला स्वतःला चिमटा काढला. दुखला. पण मेल्यावर चिमटा दुखत नाही असं सांगायला तरी कोण परत आलंय? तोंडावरचा घाम पुसला आणि हात पाहिला तर तो काळा. बुटाचं पॉलिश आहे हे कळायला हवं होतं. मला वाटलं, सुरुवात झाली.

उतरून खानावळीकडे निघाले. खाली चहा-कॉफीच्या टेबलांवर रोज म्हातारे पेपर वाचत बसलेले असतात. कप होते. कपांतून वाफ येत होती. एका बशीत अर्धा टोस्ट होता, दातांच्या खुणांसकट. माणूस नव्हता. पंखा फिरत होता आणि पेपरचं पान एकटंच उलटत होतं. शेजारच्या दुकानाचं शटर माझ्यासमोर खाली आलं, आणि खेचणारा हात मला दिसला नाही.

मी पळतच खानावळीत शिरले. आत सुलेखा चौरंगाला हळद लावत होती आणि कोपऱ्यात, माझ्या खुर्चीत, धैर्यशीलराव बसले होते. साखर कारखान्याचे निवृत्त सुरक्षा अधिकारी, सध्या लेकीकडे आलेले. त्यांच्याकडे गावी रिव्हॉल्व्हर आहे. पाठिंबा म्हणून ते कमरेला चामड्याचं रिकामं म्यान लावून आले होते. सिंगापुरातल्या शस्त्रधारकांची उपस्थिती: दोन.

"सुलेखा," मी दारातून विचारलं, "मी दिसते का तुला?"

तिने वर पाहिलं. हातातली वाटी पडली.

"अक्का... हे काय तोंड केलंय?"

"दिसते की नाही एवढं सांग."

"दिसतंय हो. नको इतकं दिसतंय."

जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी हळू, अगदी सभ्य.

"आंटी. प्लीज पुट इट डाऊन. स्लोली."

मी वळले. धुरातून काळे आकार येत होते. आधी दोन, मग चार, मग मोजायचं सोडलं. काळे कपडे, काळी डोकी, तोंडाच्या जागी मास्क. पावलांचा आवाज नाही. मघाशी भांड्यात पडलेला जीव तसाच उचलला आणि म्हटलं, आले. मला न्यायला एवढे लागतात हे पाहून बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण सुलेखाचं पुरण अजून शिजायचं होतं, ती एकटी होती आणि तिची खानावळ उद्या बंद होणार होती. मी दारात पाय रोवले.

"आय नॉट कमिंग टुडे," मी म्हटलं. "फर्स्ट सेव्ह धिस शॉप."

आकार एकमेकांकडे बघू लागले.

"आंटी, इज इट रिअल?"

"ओरिजिनल इज इन कोल्हापूर. धिस इज फॉइल."

एकजण पुढे आला, बंदुकीला बोटाने स्पर्श केला. बोट काळं झालं. त्याने वास घेतला आणि मागे वळून म्हणाला, "शू पॉलिश, सर." तेव्हा मला समजलं की हे पोलीस आहेत. यम वास घेत नाही.

"एनीबडी एल्स विथ वेपन?" साहेबांनी विचारलं.

धैर्यशीलराव तोवर पिठाच्या डब्यामागे पोचले होते. तिथून शुद्ध मराठीत आवाज आला, "मी या बाईंना ओळखत नाही."

पुढचा तासभर त्यांनी दारावरची पाटी वाचली, पुन्हा वाचली, फोटो काढले. सुलेखाने पाटी तेव्हा पहिल्यांदा वाचली. तिने गॅस बंद केला, एप्रन काढला आणि त्याची नीट घडी घातली. त्या घडीची मला पोलिसांपेक्षा जास्त भीती वाटली. मी साहेबांना म्हटलं, "शी नो नो एनीथिंग. ऑल मी. राइट डाऊन." त्यांनी लिहिलं. शेवटी मला कडक समज देण्यात आली, पुठ्ठ्याची बंदूक जप्त झाली, आणि सारंगचा ऑफिसातून फोन आला.

"आई, तू ठीक आहेस ना?"

"जिवंत आहे."

"मग आता संध्याकाळपर्यंत काही करू नकोस. काहीही."

पोलिसांनी खानावळीपासून लांब एक पट्टी बांधली होती आणि माणसांना तिच्यामागे थांबवलं होतं. माणसं थांबली. ती सिंगापूरची माणसं, थांबायचं म्हटलं की एकामागे एक उभी राहतात. मागून आलेल्यांना धुरात पट्टी दिसेना, रांग दिसली. इथे रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं, कशाची. पोलिसांनी पट्टी सोडली तशी ती रांग आपोआप पुढे सरकली. धुरातून एकेक मास्क येत होता, गप्प, शिस्तीत, आणि शेवट कुठे दिसत नव्हता. सुलेखा घाबरून माझ्या मागे लपली. पहिला मास्क दारात आला, आत पाहिलं आणि म्हणाला, "हॅलो, हियर वॉट इज नाइस?"

सुलेखाने एप्रनची घडी मोडली.

त्या दिवशी पुरणपोळी चार वाजता संपली. आमटी त्याआधी. धैर्यशीलरावांनी पापड तळले, पीठ अंगावर असल्याने ते नोकरच वाटत होते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, रांग लिफ्टपर्यंत गेली. सुलेखाने दुकानमालकाला फोन करून सांगितलं की कुलूप आणू नका.

दसऱ्याच्या दुपारी तोंड स्वच्छ धुऊन, काठाची साडी नेसून मी ऐटीत गेले. माझी खुर्ची कुणीतरी घेतली होती, म्हणून रांगेत उभी राहिले. पुढे एक चिनी आंटी. तिने सांगितलं की हे दुकान फार प्रसिद्ध आहे, कारण काल त्या चालक नसलेल्या गाडीतून एका बंदूकवाल्या बाईचं भूत आलं, डबाभर माणसं उतरली, आणि भुताने या दुकानासमोर पोलिसांना अडवलं. भूत जिथे जेवायला येतं तिथलं जेवण चांगलंच असणार.

मी छाती पुढे काढली. "आंटी, दॅट वॉज मी."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग समजुतीने माझ्या दंडावर थोपटलं.

"नो ला," ती म्हणाली. "दॅट वन गॉट क्लास."