भिंगरीचा सातवा दिवस

खट्... खट्... खट्. सगळं घर शांत असताना कपड्यांच्या मशीनमधून आवाज यायला लागला. आईला आधी वाटलं, सुटलेलं बटण असेल. मग तिची नजर भिंगरीच्या मोकळ्या कमरेवर गेली आणि काळजात धस्स झालं.

त्या कमरेला पट्टा असायला हवा होता. बालआरोग्य केंद्रातल्या ताईंनी तो सात दिवसांसाठी बांधला होता. त्यात काडेपेटीएवढं यंत्र होतं, मूल दिवसभरात किती हलतं ते मोजणारं. बालवाडीच्या बाईंनी चारचौघांत 'तुमची मुलगी नुसती बसून असते हो' असं ऐकवल्यापासून आईला एक साक्षीदार हवाच होता. घरात जिला भिंगरी म्हणतात, ती बसून असते म्हणजे काय? सहा दिवस यंत्राने इमानेइतबारे साक्ष नोंदवली होती. आणि आज, शेवटच्या दिवशी, ते फ्रॉकबरोबर धुतलं जात होतं.

बाहेर काढलं तर हिरवा दिवा चालूच. आईचा जीव भांड्यात पडला. पण सकाळ तर पाण्यात गेली होती, अक्षरशः, आणि दुपारी भिंगरी नेमकी सोफ्यावर आडवी झाली. हा दिवस कोराच गेला तर बाईंचंच खरं व्हायचं. आईने आतल्या खोलीचं दार लोटलं, पट्टा कमरेला पुरेना म्हणून दंडाला बांधला आणि पलंगावर चढून उड्या मारायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांनी यंत्र लॅपटॉपला जोडलं.

"सकाळचं हे कपड्यांच्या मशीनमधलं ना? दर तिसऱ्या घरी होतं. ते आम्ही वगळतो."

सहा दिवसांचा आलेख तर झकास होता. पोरगी चांगली चपळ आहे, असं ताई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. हे वाक्य बालवाडीत कसं टाकायचं याची आई मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागली, तोच ताईंचं बोट पडद्यावर थबकलं.

"काल दुपारी मात्र... चार उड्या, की थांबली. पुन्हा चार, की थांबली. मग वीस मिनिटं हालचालच नाही. चार वर्षांच्या मुलीला एवढा दम लागणं बरं नाही हो. डॉक्टरांसाठी चिठ्ठी देते."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. खरं सांगावं तर लाज, न सांगावं तर धडधाकट लेकीला उगाच दवाखाना.

"त्याचं काय झालं ताई," ती चाचरत म्हणाली, "दुपारी ना, जरा..."

कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या भिंगरीने मान वर केली.

"आई, मी उड्या मारल्या की पलंग मोडतो ना? मग काल तू मारल्यास, तेव्हा का नाही मोडला?"