ऑप्शन्सचा ब्लॅक-व्हाइट हिशोब

आयकर विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तरी झेरॉक्सवाल्याला एक गोष्ट काही केल्या उमजत नव्हती. आपले पैसे बुडाले, मग हा नफा आला कुठून?

वर्षभर त्याने शेअरबाजारात गुपचूप ऑप्शन्सचे सौदे केले होते. दुकानासाठी नवीन मशीन घ्यायचं म्हणून नवरा-बायकोने निम्मे-निम्मे पैसे आपापल्या खात्यात साठवले होते. त्याच्या निम्म्यातले तीसेक हजार उडाले होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोला मात्र गंधवार्ता नव्हती. आणि आता ब्रोकरकडून आलेल्या फाइलच्या चार छापील पानांची बेरीज तीनदा करूनही नफा एक लाख नव्वद हजार येत होता. त्यावरचा कर बघून त्याला घाम फुटला.

"एक लाख नव्वद?" लॅमिनेशन सोडून बायको कधी पाठीशी येऊन उभी राहिली, त्याला कळलंच नाही. "अहो, एवढा नफा? आणि मला पत्ता नाही!"

"अगं, नफा म्हणजे तसा..."

"सुटले बाई एकदाची!" ती धपकन स्टुलावर बसली आणि चक्क डोळे पुसायला लागली.

यात रडण्यासारखं काय, हे त्याला कळेना. पण तिचा चेहरा बघून खरं बोलायची हिंमतही होईना. नसलेल्या नफ्यावर कर भरावा की झालेला तोटा कबूल करावा, या विचारात तो नखं कुरतडत बसला. तोवर तिने कर सल्लागार असलेल्या भावाला फोन लावलासुद्धा. तो पंधरा मिनिटांत हजर.

"दाजी, छुपे रुस्तम निघालात!" म्हणत मेव्हण्याने पानं चाळली आणि थबकला. "एकही सौदा अंगलट आला नाही? मूळ फाइल दाखवा बरं."

स्क्रीनवर निम्मे आकडे हिरवे होते, निम्मे लालभडक.

"अहो, लाल म्हणजे तोटा! प्रिंट कशी काढलीत तुम्ही?"

"ब्लॅक-व्हाइट. घरच्या कामाला रंगीत कोण काढतं? शाई काय फुकट येते?"

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. "नफा ऐंशी हजार, तोटा एक लाख दहा. म्हणजे निव्वळ तोटा तीस हजार. यावर कर नाही, पण विवरणपत्रात दाखवायचा."

"मग माझी बेरीज फुकट गेली?"

"नाही, ती उलाढालीच्या रकान्यात जाईल. तिथे नफा-तोटा एकत्रच मिळवतात."

"म्हणजे जितकं बुडावं तितका धंदा मोठा?"

"कागदावर, हो."

झेरॉक्सवाल्याचं डोकं गरगरलं, पण कराचं ओझं उतरलं होतं. त्याने धीर करून बायकोकडे पाहिलं. "चुकलं माझं. तीस हजार घालवले."

तो बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला. एक कागद वाया गेला तरी दुकान डोक्यावर घेणारी ही बाई, पण आज ती नुसती स्टुलावर बसून लॅमिनेशनचे कागद सारखे करत राहिली. फॉर्म पाठवून भाऊ निघाला, तेव्हा कुठे ती उठली.

"थांब रे जरा," ती भावाला म्हणाली आणि खाली मान घालून तिने आपला मोबाइल नवऱ्यापुढे धरला. "मलाही ब्रोकरकडून फाइल आलीय. वाटलं होतं, तुमच्या नफ्यात खपून जाईल."

झेरॉक्सवाल्याने मोबाइल हातात घेऊन पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत सगळे आकडे लालभडक.

"प्रिंट काढा," ती म्हणाली. "ब्लॅक-व्हाइटच काढा."