बिनपडद्याची

"सगळे पडदे काढून टाका काका, एकसुद्धा ठेवू नका," लिफ्टचा मेकॅनिक फोनवर सांगत होता. "मला कंटाळा आलाय त्यांचा. पडदे असले की कसं अडकल्यासारखं होतं. एकदा निघाले की मोकळं वाटेल."

एवढं बोलायला त्याने मुद्दाम न्हाणीघर गाठलं होतं आणि वर नळही सोडून ठेवला होता. पण बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना दोन मजले वरून धीर द्यायचा हा त्याचा रोजचा धंदा, त्यामुळे त्याचा हळू आवाजसुद्धा चार खोल्यांना पुरून उरायचा. हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पलीकडे होते वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्कर काका. गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना हल्लीची मंडळी फ्रेट म्हणतात. काका जुन्या वळणाचे, ते पडदेच म्हणायचे. आणि मेकॅनिकला हवी होती बिनपडद्याची बेस गिटार. चार जाड तारा, गुळगुळीत दांडी, आणि बोट सरकवलं की कुणीतरी उसासा टाकावा तसा आवाज. तो आवाज त्याने एकदा दुकानात ऐकला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी पठ्ठ्या प्रेमात पडला. नवी घेणं काही खिशाला झेपणारं नव्हतं. मग काकांनीच तोड काढली. त्यांच्याकडे एक जुनी साधी बेस पडून होती. तिचे पडदे उपटायचे, खाचा बुजवायच्या, घासून सारखी करायची आणि स्वस्तात द्यायची.

राहता राहिली बायको. घरात एक मेंडोलिन, एक कीबोर्ड आणि एक फुटका ड्रम आधीच धूळ खात होते, आणि यापुढे घरात एक तर नवं वाद्य राहील नाहीतर मी, असं तिने मागेच बजावलं होतं. बजावताना ती हसली होती, पण ते हसणं कितपत खरं, याचा अंदाज त्याला अजून आला नव्हता. म्हणून हा चोरटा कारभार.

आता ही बायको करायची काय, तर पडदे शिवायची. अठरा वर्षं. आजूबाजूच्या निम्म्या खिडक्यांवर तिचेच पडदे होते, आणि स्वतःच्या घरात तर दाराला, खिडकीला, कपाटाला, जिथे म्हणून दांडी बसेल तिथे पडदा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिक लिफ्टच्या सामानाच्या लांबट खोक्यात गिटार घालून घरी आला. बेत पक्का होता. बाहेरच्या खोलीतला पडदा जमिनीपर्यंत लोळायचा, त्याच्यामागे खोकं उभं करायचं आणि चार दिवस वारा कुठून वाहतो ते बघायचं. त्याने दार उघडलं आणि तो जागीच थिजला. घरात एकही पडदा नव्हता. समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर आपल्या गॅलरीतून थेट त्याच्या डोळ्यांत बघत होते. त्यांनी हात केला. मेकॅनिकनेही केला आणि खोकं कसंबसं झोपायच्या खोलीच्या दारामागे सारलं.

बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती. अठरा वर्षांत ती कधी गुणगुणल्याचं त्याला आठवेना.

खुलासा सासूबाईंनी केला. त्या कोपऱ्यात बसून जुन्या पडद्यांच्या रिंगा उसवत होत्या. "जावईबापू," त्या मान वर न करता म्हणाल्या, "काल तुम्ही आंघोळीच्या खोलीत जे बोललात ना, ते तिने ऐकलं. मीही ऐकलं. कंटाळा आला होता तर तोंडावर सांगायचं. पोरीने आज दिवसभरात सगळे उतरवले."

मेकॅनिक पेचात सापडला. खरं सांगावं तर गिटार बाहेर येणार, न सांगावं तर बायकोच्या अठरा वर्षांच्या कष्टांना आपण नाक मुरडलं असं होणार. त्याने एक दिवस गप्प राहायचं ठरवलं, आणि तेच महागात पडलं. सकाळी मास्तरांनी घर सोडताय का म्हणून विचारलं. दुपारी घरमालक नवे भाडेकरू घेऊनच आले. आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आठ खिडक्यांचं काम रद्द करून गेल्या. खुद्द पडदेवालीच पडदे लावत नाही म्हटल्यावर ती फॅशन गेलीच असणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बघून आणखी दोघींनी निरोप धाडले.

आता मात्र मेकॅनिकला राहवेना. आपल्या एका हौसेपायी हिचा धंदा बसतोय, हे त्याच्या जिवाला फार लागलं. गिटार जाऊ दे, परत देऊन टाकू, असं मनाशी घोकत तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"अगं, ते पडद्यांचं मी जे बोललो ना..."

"थांबा, आधी मला बोलू द्या," ती म्हणाली. तिने मशीन थांबवलं. "अहो, तुम्हाला कंटाळा आलाय हे ऐकलं आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. मला तर दहा वर्षांपूर्वीच आलाय. पण तुम्हाला आवडतात, आईने शिकवलंय, म्हणून बोलले नाही कधी. अठरा वर्षं नुसती सरळ टीप मारतेय मी. इथून तिथे, तिथून इथे. एक बाही नाही, एक कॉलर नाही. काम गेलं तर जाऊ दे तिघींचं. मला काहीतरी वळणाचं शिवायचंय."

मेकॅनिकच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच राहिलं. तिचा चेहरा असा उजळलेला त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो आपल्या हाताने विझवायचं त्याला धाडस होईना. "हो ना," तो इतकंच म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं."

"माझ्या मनातलं बरोबर ओळखलंत तुम्ही," असं म्हणत ती खुशीत झोपायच्या खोलीत गेली आणि दार इतक्या जोरात लोटलं की मागचं खोकं आडवं झालं. झाकण उघडलं. मेकॅनिकने डोळे मिटून घेतले.

त्याने डोळे उघडले तेव्हा बायको जमिनीवर बसली होती आणि गळ्यातली टेप गिटारच्या कमरेभोवती धरून बघत होती.

"नवीन दिसतंय," ती म्हणाली.

"जुनीच आहे. नवीन म्हणजे... आपल्याकडे नवीन."

"किती वळणं आहेत हिला. आणि हिला खोळ नाही?"

"नाही."

"मग मी शिवते," ती म्हणाली आणि खडू शोधायला उठली. तेवढ्यात फोन वाजला. मेकॅनिकचाच होता, पण तिच्या हाताशी होता आणि तिने उचलला. पलीकडचा आवाज कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असावा तसा मोठा होता. काकाच होते. मेकॅनिकने भिंतीला पाठ टेकली.

"पडदे काढल्यापासून कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"छान वाटतंय हो. अगदी मोकळं."

"खाचा दिसत नाहीत ना कुठे?"

"खिळ्यांची भोकं दिसतात थोडी. पण चालतंय."

"आवाज कसा येतो?"

"सगळा येतो. समोरच्या मास्तरांचा खोकलासुद्धा."

"बरं," काका म्हणाले, "सुरुवातीला चाचपडायला होईल, मग सवय होते. पुन्हा बसवावेसे वाटले तर मी आहे."

"नको, आता नाही बसवायचे," ती ठामपणे म्हणाली आणि आभार मानून तिने फोन ठेवला.

"किती प्रेमळ माणूस," ती खडूने जुन्या पडद्यावर गिटारचं वळण उमटवत म्हणाली. "पण अहो, आपण पडदे काढले हे त्यांना कसं कळलं?"

मेकॅनिकने उघड्या खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनी पुन्हा हात केला.

"बाहेरून दिसतं ना सगळं," तो म्हणाला.