मुक्ता काय खाते?

मुक्ता आजही हसत शाळेत निघाली. श्रुतिकाने खिडकीतून ते पाहिलं आणि तिला रोजच्यासारखाच हेवा वाटला. समोरच्या जयमालाची ही चार वर्षांची मुलगी रडत नाही, ओरडत नाही, इंजेक्शन टोचल्यावर डॉक्टरांना ‘थँक यू’ म्हणते. श्रुतिकाचा दर्शन त्याच वयाचा, त्याच वर्गातला; तो या क्षणी एकच चप्पल घालून जिन्यात आडवा पडला होता.

त्यात टीचरची चिठ्ठी आली होती. दर्शन मुलांना चावतो. दिवाळीपर्यंत थांबला नाही, तर यंदा त्याला घरीच ठेवा.

“खाण्यावर असतं गं सगळं,” जयमाला न विचारताच म्हणाली. “मी ऑफिसला जाताना चार अक्रोड नि भोपळ्याच्या बिया काढून ठेवते, दुपारी कामवाली हिरी भरवते. साखर बंद, मासळी बंद. मन कसं शांत राहतं!”

“आमच्याकडेही तेच असतं,” श्रुतिका म्हणाली आणि संध्याकाळी स्टेशनसमोरच्या दुकानातून किलोभर अक्रोड घेऊन आली.

जयमाला चार देते म्हटल्यावर श्रुतिकाने आठ दिले. साखरेचा डबा माळ्यावर गेला. नवरा सुदर्शन तलासरीच्या ऑफिसातून दमून आला, तर पुढ्यात बिनसाखरेचा चहा आणि बियांची वाटी.

“मी काय पोपट आहे?”

“मन शांत राहतं.”

“शांतच होतं, चहा बघेपर्यंत!”

चौथ्या दिवशी दर्शनने थेट टीचरलाच चावा घेतला.

आता हिरीला गाठण्यावाचून उपाय नव्हता. जवळच्या कैनाड गावाहून येणारी हिरी सकाळी श्रुतिकाकडे काम करायची आणि दुपारी जयमालाकडे.

“हिरी, खरं सांग. मुक्ता दुपारी काय खाते?”

“भाकर,” भांडी घासता घासता हिरी म्हणाली. “नागलीची. नि सुकटीची चटणी.”

श्रुतिकाने हातातला कप खाली ठेवला. मासळी बंद म्हणे! “मला तस्संच आणून देशील? कोणाला कळू द्यायचं नाही.”

“त्यात काय? आणते की.”

दुसऱ्या दिवशी हिरीने फडक्यातून भाकरी आणली. शाळेत जाण्याआधी दर्शन अक्रोडाची वाटी ढकलून हिरीशेजारी फतकल मारून बसला आणि अख्खी चतकोर खाऊन उठला. आठवडाभरात चावणं थांबलं. श्रुतिकाला आनंद व्हायला हवा होता. पण ‘आपण अक्रोड फोडत बसलो नि समोरची बया गुपचूप सुकट चारत होती’ या विचाराने तिला घास जाईना.

पालकसभेत टीचरनी जाहीर केलं, “दर्शन आता छान बसतो. त्याची जागा पक्की. आहार आणि मुलांचं मन, यावर मुक्ताच्या आणि दर्शनच्या आईने दोन शब्द बोलावेत.”

जयमाला आधी उठली. अक्रोड, बिया, शांती. टाळ्या पडल्या. श्रुतिकाला बसवेना.

“खोटं! मुक्ता रोज सुकट खाते!”

जयमालाचा चेहरा उतरला. “आमच्याकडे सुकटीचा वाससुद्धा येत नाही!”

“हिरीला विचार!”

हिरी दारातच होती, दोन्ही पोरांची बोटं धरून.

“वहिनी, भांडता कशाला? भाकर माझी हाय. माझ्या डब्यातली. मुक्ता त्या बिया तोंडात घेत नाय. मी जेवाया बसले का मांडीला मांडी लावून बसते. एकटं बसून कोणतं पोर खाईल? मी आमच्या बकरीच्या गोष्टी सांगते, ती खाते. दर्शनचं पण तसंच.”

“पण वाटी तर रोज रिकामी असायची!” जयमाला म्हणाली.

“मी खाल्ले ना अक्रोड. दोन्ही घरचे. टाकवत नाय.”

सभा हसत सुटली. हिरीही हसली. पहाटे उठून, दोन घरची भांडी घासून, या दोघींची पोरं सांभाळून तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. श्रुतिकाला पुन्हा तसाच हेवा वाटला. ती जयमालाकडे झुकली.

“तू रोज चारच ठेवायचीस ना?”

“हो. आणि तू?”

“आठ.”

रोजचे बारा अक्रोड! दोघी हिरीच्या बिनआठीच्या कपाळाकडे बघत राहिल्या.